दगडाच्या गोण्या

पोलादपूर, १२ एप्रिल १९६४

दादा,

हे पत्र शिमग्यातच लिहायला हवं होतं. कागद तेव्हाच आणून ठेवला होता. पण लिहायला बसलो की काहीतरी निघायचं. एकदा आंबेनळी घाटात लॉरी बंद पडली, तिच्या चाकाखाली दगड लावत बसलो. एकदा इथं स्टँडवर अस्वलवाला आला, त्याच्या मागं मागं पार कापड्यापर्यंत चालत गेलो. अस्वल म्हातारं होतं. नाचायचं नाही, नुसतं उभं राहून माणसांकडं बघायचं. मला ते आबांसारखं दिसायला लागलं आणि पुन्हा लिहायची इच्छा गेली.

खरं सांगायचं तर तुला लिहायचा कंटाळा येतो. पाच वर्षांत तू मुंबईहून वाडीला दोन ओळी धाडल्या नाहीस. गणपतीला कुणाच्या तरी हाती धोतरजोडी पाठवतोस. आबा ती ट्रंकेत टाकतात आणि फाटकंच नेसतात. बाप मुलगा असे धोतरातून बोलतात. मला हसू येतं, दुसरं काय येणार.

बातमी अशी की कारखाना विकला. मुंबईच्या एका भंगारवाल्या ठेकेदारानं घेतला. त्याची माणसं नदीकाठी राहुट्या ठोकून बसलीत. बॉयलर कापून झाला, भट्टीचे पत्रे निघाले, आता धुराडं पाडणार. त्याच्या विटांना महाडात गिऱ्हाईक आहे म्हणे. म्हणजे त्या कारखान्यानं जन्मभरात एक माल नीट विकला तर तो हा, स्वतःच्या विटा.

आणि आबा गोदामात बसलेत. आतून कडी-कुलूप लावून. वाडीतनं भाकरी जाते, ती खिडकीतनं घेतात. मी कुणाकडून तरी ऐकलं, लॉरी सोडली आणि गेलो. (लॉरी मी सोडली की ड्रायव्हरनं मला सोडलं, त्याचा वाद अजून चालू आहे.) गोदाम धुराड्याच्या अगदी पायाशी. धुराडं नदीकडे पडणार, म्हणजे गोदामावरच पडणार. खिडकीशी उभा राहून म्हटलं, "आबा, घरी चला."

"घरी काय हाय?"

"मग इथं काय हाय?"

"माल हाय. मी राखणदार हाय."

कंपनीनं त्यांना राखणदार ठेवलं होतं आणि पुढं ती त्यांना विसरून गेली, त्यालाही वर्षं झाली. कंपनीच राहिली नाही. पण ह्यांची राखण चालू. म्हटलं, "बरं, चावी तरी द्या. ठेकेदार मागतोय."

"चावी येसाजीकडून घेतलीय, येसाजीलाच देन."

एवढंच बोलले आणि आत अंधारात जाऊन बसले. म्हणून लिहितोय. तू ये, चावी घे, पाहिजे तर त्याच गाडीनं परत जा. म्हाताऱ्याच्या डोक्यावर धुराडं पडायच्या आत ये म्हणजे झालं. नमस्कार वगैरे घालण्यासारखं तू काही केलेलं नाहीस, पण थोरला आहेस म्हणून घातला असं समज.

हैबती


कारखान्यावरून, २७ एप्रिल १९६४

दादा,

तुझं उत्तर नाही. ते येणार नाही हे मला ठाऊक होतं, पण वाडीतला मालोजी मुंबईहून सुटीवर आलाय, त्यानं जे सांगितलं ते मात्र ठाऊक नव्हतं. म्हणाला, पत्र पोचलं. वहिनींनी तुला वाचून दाखवलं. तू ऐकलंस, डबा उचललास आणि पाळीवर गेलास. मग वहिनींनी मालोजीला विचारलं, "भावजी, कसलं गोदाम? कसली चावी?"

म्हणजे लग्नाला दोन वर्षं होऊन तू बायकोला काही सांगितलेलं नाहीस. धन्य आहे तुझी. तर हे पत्र तुला नाही. वहिनींना आहे. तू डबा उचल आणि जा.

वहिनी, नमस्कार. तुम्ही मला पाहिलेलं नाही, त्यात तुमचं फार काही बुडालेलं नाही. तुम्ही साताऱ्याकडच्या. आमच्याकडची नदी कशी वागते आणि माणसं कशी वागतात हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगतो. मी फायनलला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, तेव्हा शुद्धलेखनाकडं बघू नका.

पंचावन साली एक शेठ मोटारीतनं आला. महाडहून पोलादपूरकडं जाताना सावित्री रस्त्याला लागून येते, तिथं त्यानं मोटार थांबवली. नदी बघितली, रस्ता बघितला आणि म्हणाला, इथं सिमेंटचा कारखाना काढू. आता सिमेंटला चुनखडी लागते. आमच्याकडं काळा कातळ, तांबडी माती आणि भात. चुनखडी औषधाला नाही. हे शेठला कुणी सांगितलं नाही. आमच्या लोकांची एक रीत आहे, मोटारीतनं उतरलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. उलट जमीन दिली. नदीकाठची अर्धी आबांची, अर्धी आमच्या भाऊकीतल्या कोंडाकाकाची. आबा मुकादम झाले, कोंडाकाकाला गाड्यांचं काम मिळालं. दोघं फेटे बांधून शेठच्या दोन बाजूंना उभे आहेत असा फोटो आहे. दोघांच्याही नजरा शेठकडं. कॅमेऱ्याकडं एकटा शेठ बघतोय.

नारळ फोडताना शेठनं भाषण केलं. कोयनेला धरण व्हायचंय, त्या धरणात आपल्या सावित्रीकाठचं सिमेंट बसेल. टाळ्या वाजल्या. मग लोकांनी विचारलं, चुना कुठनं? तर खाडीच्या शिंपल्यांचा. दासगावच्या खालून बायका शिंपले गोळा करायच्या, भरतीच्या पाण्यावर पडाव महाडला यायचे आणि तिथनं कोंडाकाकाच्या गाड्या. शिंपल्यात किडे मेलेले असायचे. तो वास महाडात असा भरला की एका लग्नात वऱ्हाड पानावरून उठलं. दोन्ही व्याही एकमेकांच्या आचाऱ्यावर संशय घेत होते.

त्या शिंपल्यांच्या पहिल्या सिमेंटाचा ओटा शेठनं आमच्या शाळेला बांधून दिला. दिवाळीपर्यंत पोरं त्यावर बोटानं नावं कोरत होती. माझंही आहे. मग साहेब आला, इंजिनियर. तो म्हणाला, शिंपले पुरे, घाटावरून दगड आणा. तेव्हापासनं लॉरीनं दगड घाट उतरायचा, इथं त्याचं पीठ व्हायचं, आणि ते पीठ पुन्हा घाट चढून धरणाला जाणार होतं. लॉरीवरचे ड्रायव्हर हसून हसून गाडी घाटात बाजूला घ्यायचे. कारखान्यात मात्र कुणाला हसू आलं नाही.

सकाळी भोंगा व्हायचा तेव्हा वाडीतल्या म्हशी पान्हा चोरायच्या. बायका शिव्या घालायच्या. पण हेही लिहायला हवं की चौथ्या वर्षी सिमेंट खरंच चांगलं निघालं. दादा गोदामाला होता. सकाळी जायचा तो राखाडी होऊन परत यायचा, भुवया, पापण्या, सगळं. आई म्हणायची, माझा पोर पुतळा झालाय. धरणाची मोठी मागणी आली असं साहेबानं सांगितलं. गोदाम छपरापर्यंत भरलं. पावसाळा सरला, घाट उघडला की माल निघणार.

आता गोदाम कुठं, तर नदीच्या काठावर. शेठला पुलावरून कंपनीची पाटी दिसायला हवी होती. पाणी कुठवर येतं हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. घरांची जोती बघा, एकही त्याच्या खाली नाही. दादानं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, पाणी चढायला लागलं की वरच्या मारुतीच्या देवळात गोण्या हलवायच्या, चाळीस माणसं देतो. दादानं माणसं ठरवली, वाट साफ केली. गोदामाची चावी त्याच्या कमरेला असायची.

वहिनी, इथवर सगळं ठीक. आता आमची अक्कल.

सावित्रीला पूर आला आणि पाणी देवळाखालच्या घाटाच्या पहिल्या पायरीला लागलं की तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. ओटी घेतली की ती मागं सरते म्हणतात. कधी सरते, कधी नाही. पण ओटी भरायच्या आत कुणी घरातली चीजवस्तू हलवायची नाही. हलवली तर तिच्यावर अविश्वास दाखवला, मग ती राग धरून घरात येते. आणि ओटी भरायचा मान एकाच घराचा. आम्ही म्हणतो आमचा. कोंडाकाका म्हणतो, त्याचा होता, आमच्या पणज्यानं बळकावला. त्या मानापायी दोन घरं एकमेकांच्या लग्नात जेवत नाहीत, नुसता अहेर ठेवून येतात.

एकोणसाठचा श्रावण. आई शिवथरला माहेरी, तिच्या भावजयीचं बाळंतपण होतं. पाऊस असा लागला की काळ नदीनं शिवथरची वाट बंद केली. इकडं सावित्री पहिल्या पायरीला लागली. मी देवळाच्या कठड्यावर बसून सगळं बघत होतो. चाळीस माणसं गोदामाच्या दारात. कोंडाकाका आला आणि म्हणाला, "महिपती, माझी ठमा भरंल ओटी. वखत जातोय."

आबा म्हणाले, "मान आमचा हाय. बया येतेय." (बया म्हणजे आई.)

"बया काय उडत येणार हाय?"

"आज ठमानं भरली तर उद्या म्हणशील मान तुमचाच."

"म्हणंन की," कोंडाकाका म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

"मग ऱ्हाऊ दे."

दादा म्हणाला, "आबा, बाजूला व्हा. गोण्या हलवतो." आबांनी त्याच्या कमरेची चावी ओढून काढली आणि स्वतःच्या कनवटीला लावली. चाळीस माणसं होती, वहिनी. एकानंही हात लावला नाही, कारण ओटी भरलेली नव्हती. आणि तुमच्या नवऱ्यानं बापाच्या कमरेला हात घातला नाही. मी घातला असता. निदान आज असं वाटतं.

दिवस मावळताना पाणी गोदामात शिरलं. दोन दिवस आत राहिलं. निघालं तेव्हा सगळ्या सिमेंटचा दगड झाला होता. गोणीच्या आकाराचा दगड, त्यावर तागाची वीण उमटलेली, शिवलेलं तोंड तसंच.

साहेबानं विचारलं, गोण्या का हलल्या नाहीत. सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. आबाही. कुणीतरी म्हणालं, येसाजी झोपला होता. कुणीतरी म्हणालं, प्यायला होता. दादा बापाच्या तोंडाकडं बघत उभा. त्याला वाटलं बाप आत्ता बोलेल. बाप बोलला नाही. साहेबानं दादाला काढला. दादानं ट्रंक उचलली आणि एस.टी.त बसला. त्याचं तोंड त्या दिवशी मिटलं ते अजून मिटलेलंच आहे, हे तुम्हाला मी काय सांगू.

काळ नदी उतरल्यावर आई निघाली. बिरवाडीला पोचली तिथं एका कासारानं तिला सगळं सांगितलं. ती बिरवाडीतूनच परत फिरली. अजून आलेली नाही.

शेठ एकदा मोटारीतनं आला. त्यानं एका गोणीला लाथ मारली, अंगठा सुजला, गेला. कारखाना पुढं काही महिने खोकत चालला आणि बंद पडला. वरच्या गोण्या लोकांनी नेल्या. आमच्या घाटावर आज बायका त्यांच्यावर धुणं धुतात. महाडात एका न्हाव्यानं दुकानासमोर बसायला दोन ठेवल्यात. बाकीच्या आत आहेत, त्यांना कुलूप आहे, आणि कुलपाच्या आत तुमचे सासरे आहेत.

हे तुमचं सासर. दादानं का सांगितलं नाही ते आता कळलं असेल.

हैबती


कारखान्यावरून, ८ मे १९६४

दादा,

मी शिवथरला जाऊन आलो. दोन दिवसांचं काम होतं, सहा लागले. बिरवाडीत एका घरी विहिरीचं काम चाललं होतं, ते बघत राहिलो. पुढं शिवथरच्या घळीत जाऊन बसलो. उन्हाळ्यात तिथला धबधबा म्हणजे भिंतीवरनं टिपकणारं पाणी, पण आत गार वाटतं. एक साधू होता. त्यानं मला संसार कसा खोटा हे सांगितलं आणि मग माझ्याकडची तंबाखू मागून घेतली.

आई भाताच्या रोपासाठी शेतात राब भाजत होती. डोक्याला फडकं, तोंड काळं, हातात आकडी. मला बघून म्हणाली, "जेवलास काय?" पाच वर्षांत मी तिच्याकडं चारदा गेलोय, चारही वेळा हाच प्रश्न. मी धुराड्याचं सांगितलं.

"पडणार?"

"हां."

"बरं झालं. काय कामाचं नव्हतं."

"आबा खाली बसलेत गो. उठत नायत."

"बसू दे."

"मरतील."

तिनं आकडीनं पेटतं गवत पुढं सारलं. म्हणाली, "माझ्या पोराला दारुडा म्हणाले, तवा त्येच्या तोंडात काय गूळ हुता? चाळीस माणसं हुती. आता चारचौघांत तोंड उघडू दे त्येला. मग येन मी. तोवर मला नवरा बी नको नि नदी बी नको."

"दादाला लिवलंय मी. तो येईल."

"तो नाय येणार. तो माझा हाय," ती म्हणाली. मला वाटतं हे तिनं कौतुकानं म्हटलं. मला त्यात कौतुक दिसलं नाही. मी तिचा नाही की काय कोण जाणे. भाकरी बांधून दिली, वर सुक्या करंदीची चटणी. वाटेतच संपवली.

परत येऊन खिडकीशी आबांना तिचा निरोप सांगितला. जसाच्या तसा. ते ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "राब भाजून झाला काय तिचा?"

म्हटलं, अर्धा झालाय.

"वारा बघून भाज म्हणावं," म्हणाले.

अशी आपली माणसं. बापाला बायकोच्या राबावरच्या वाऱ्याची काळजी आहे, स्वतःच्या डोक्यावर काय पडणार त्याची नाही. ठेकेदार धुराड्याच्या बुडाच्या नदीकडच्या विटा काढतोय. जेवढ्या काढतो तेवढे सागाचे ओंडके आत ठोकतो. सगळं वजन ओंडक्यांवर आलं की ओंडके पेटवून द्यायचे. ते जळले की धुराडं आपणहून त्या बाजूला बसतं. एकदा पेटवलं की मग देवालाही थांबवता येत नाही म्हणाला. चांगला आहे माणूस. कारखाना बांधायला असा एक असता तर.

तू येतोस की नाही ते एका ओळीत लिही. "नाही" एवढं लिहिलंस तरी पुष्कळ.

हैबती


कारखान्यावरून, १४ मे १९६४

दादा,

आज जे झालं ते तुला लगेच लिहितो, नाहीतर उद्या मला ते खरं वाटणार नाही.

ठेकेदाराला वाटलं होतं गोदामात लोखंड असेल. म्हातारा जीव टाकतोय म्हणजे काहीतरी असणारच. आज त्यानं खिडकीला शिडी लावली आणि बॅटरी आत मारली. आम्ही खाली उभे. वाडीतली दहाबारा माणसं, कोंडाकाका, त्याची ठमाकाकी विटांची पाटी घेऊन (ती तिथं रोजावर जाते, आम्हाला पाडायलाही रोज मिळतो), आणि शिवथरला मिठाची गाडी नेणारा भिकू, तो नुसता बिडी ओढायला थांबलेला.

ठेकेदार हसायला लागला. शिडी हलायला लागली तरी हसतोय. "अरे, हे तर दगड आहेत. दगड शिवून ठेवलेत गोण्यांत. गोदामाला कोण गाढव होतं तेव्हा?"

कोंडाकाकानं घसा साफ केला. पाच वर्षं तो ह्या प्रश्नाचं एकच उत्तर देत आलाय, सवयीनं तेच द्यायला लागला. "महिपतीचा थोरला पोरगा हुता, येसा..."

आतनं आवाज आला, "मी."

ठेकेदार हसायचा थांबला. आबा खिडकीशी आले. दाढी वाढलेली, गजांना दोन्ही हातांनी धरलेलं. म्हणाले, "पोरगा हलवत हुता. चावी त्येच्या कमरेची मी काढली. झोपला नव्हता, प्यायला नव्हता. मी हलवू नाय दिल्या. ही ठमा ओटी भरत हुती, तिला बी मी भरू नाय दिली. कोंडाजी, तू हुतास. सांग तू हुतास काय नाय."

कोंडाकाका पायांकडं बघायला लागला. त्याच पायांकडं, पाच वर्षांपूर्वीच्या. मग म्हणाला, "हुतो."

"मग सांगत जा आता."

एवढंच. आबा आत गेले. ठेकेदार शिडीवरनं उतरला आणि मला म्हणाला, "म्हाताऱ्याला चहा द्या कुणीतरी." भिकूनं बिडी विझवून कानाला लावली आणि बैलांना हाकलं. ठमाकाकी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी. तिला कुणी विचारलं नव्हतं तेव्हाही, आणि आजही तिचं नाव तिला न विचारताच घेतलं.

मला भरून वगैरे आलं नाही. राग आला. एवढं सोपं होतं. शिडीवरचा एक परका माणूस हसतो आणि ते बोलून टाकतात, आणि तुझ्यासाठी बोलता आलं नाही. एका शब्दासाठी आपलं घर तीन ठिकाणी पडलंय, एक शिवडीत, एक शिवथरला, एक गोदामात. मी कुठंच नाही ते सोड.

खिडकीशी जाऊन म्हटलं, "झालं ना आता? या बाहेर. द्या चावी."

"येसाजीला."

"तो येत नाय आबा."

"मग नाय."

सोमवारी पेटवणार आहेत.

हैबती


कारखान्यावरून, रविवार, १७ मे १९६४

दादा,

वहिनींचं कार्ड काल मिळालं. "ह्यांना रजा मिळत नाही. रात्री झोप लागत नाही. तुमची पत्रं उशाखाली ठेवतात." वहिनींचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. पण गिरणीनं रजा दिली नाही ही थाप तू दुसऱ्या कुणाला मार. बापानं तोंड उघडलं ते कळल्यावर तर तुला यायला भीतीच वाटेल. इतकी वर्षं रुसायला एक जागा होती, ती गेली.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा धुराडं पडलेलं असेल. मी समोरच्या आंब्याखाली बसून लिहितोय. ओंडके सगळे बसले, त्यांवर रॉकेल उद्या ओतणार. धुराड्याच्या एका अंगाला विटाच नाहीत, नुसते ओंडके. गाय पाय उचलून उभी असावी तसं दिसतं. ठेकेदार म्हणाला, उद्या सकाळी चार माणसं लावून म्हाताऱ्याला उचलून बाहेर ठेवतो. मी म्हटलं, हात लावून बघा. तो म्हणाला, मग तू उचल. आबांना उचलून आणलं तर ते बाहेर येतील, पण नुसतं शरीर येईल आणि ते गोणीइतकंच जड आणि गोणीइतकंच बोलकं असेल, हे मला कळतं. फायनल नापास असलो म्हणून काय झालं.

सकाळपासून तीनदा खिडकीशी गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला कुलपाला तेल मागितलं. दिलं. आत बसून कुलपाला तेल घालतायत. तू आलास तर चावी अडकायला नको म्हणून.

नदीत पाणी घोट्याएवढं. पलीकडं म्हशी बसल्यात, त्यांचीही पाठ कोरडी. ह्या नदीनं गोदाम बुडवलं असं आत्ता कुणाला सांगितलं तर

थांब. बैलगाडी आली. भिकूची आहे, पण आज त्याचा फेरा नसतो.

दादा, आई आली.

गाडीतनं उतरली. हातात सूप, त्यावर खण झाकलेला. माझ्याकडं बघितलं नाही, जेवलास काय तेही विचारलं नाही. सरळ घाटाच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली, त्या दगडी गोण्यांमधनं वाट काढत. ठेकेदाराची माणसं काम टाकून बघतायत. तिनं गोदामाकडं तोंड केलं आणि मोठ्यांदा विचारलं, "पाणी कुठवर आलंय?"

म्हशींच्या पोटापर्यंतही नाही, दादा. कुणी हसलं नाही.

तिनं पुन्हा विचारलं नाही. वळली आणि विटांच्या ढिगाशी उभ्या असलेल्या ठमाकाकीला हाक मारली. "ठमा, इकडं ये गो. ओटी तू भर. आजपासनं मान तुमचा. मी नुसती बघायला आल्येय." आणि सूप तिच्या हातात दिलं, पाटी उतरून घ्यावी इतक्या सहज. कोंडाकाकाचं तोंड उघडंच राहिलंय. ज्या मानापायी हे सगळं बुडालं तो तिनं शिळी भाकरी द्यावी तसा देऊन टाकला.

ठमाकाकी खाली उतरतेय. लुगडं वर खोचून, कोरड्या दगडांवरनं, पाणी शोधत.

गोदामाची कडी वाजली. कुलूप निघालं. दार आतनं ढकलतायत, बाहेरनं विटांचा चुरा साचलाय त्याला, मी जाऊन ओढायला हवं. आबा दारात आलेत, उन्हात डोळे मिटून. चावी पुढं धरलीय, कुणाकडं ते त्यांनाही दिसत नाहीये. आई पायरीवरनं हललेली नाही. म्हणाली, "इकडं आणून दे. पोराची मी नेईन मुंबईला."

ते चालायला लागले.